ईडन व्हॅलीतील आजोबांच्या वेली

दक्षिण ऑस्ट्रेलियाची राजधानी ॲडलेड हिच्या ईशान्येस साधारण सत्तर-ऐंशी किलोमीटरवर बरोसा हा द्राक्षबागांचा प्रदेश पसरलेला आहे, आणि वाइनच्या व्यवहारात हे नाव इतके रूढ झाले आहे की त्यात दोन निरनिराळे भूभाग सामावलेले आहेत याची जाणीव बाहेरच्यांना सहसा नसते. त्यांपैकी बरोसा व्हॅली हा खालचा, सखल आणि अधिक उष्ण भाग असून टनुंडासारखी गजबजलेली गावे आणि मोठ्या कंपन्यांच्या बहुतेक वाइनरी तेथेच आहेत. तिच्या पूर्वेला जमीन उंचावत जाते आणि समुद्रसपाटीपासून सुमारे चारशे ते साडेपाचशे मीटर उंचीच्या त्या चढउतारांच्या पट्ट्यास ईडन व्हॅली म्हणतात. दोन्ही भागांमधले अंतर मोटारीने अर्ध्या तासाचेही नाही. परंतु उंचीमुळे वरच्या भागातील रात्री लक्षणीय गार असतात, द्राक्षे सावकाश पिकतात, आणि पिकलेल्या मण्यांमध्ये साखरेबरोबर आम्लही टिकून राहते. दीर्घकाळ मुरणाऱ्या तांबड्या वाइनसाठी हे आम्ल अत्यंत मोलाचे असते, आणि केनटन येथील हेन्श्के या वाइन करणाऱ्या कुटुंबाच्या बागांना लाभलेल्या कीर्तीचे पहिले कारण या भूगोलात सापडते. दुसरे कारण मात्र भूगोलातले नसून माणसांच्या निर्णयांतले आहे, आणि या प्रदेशाचा प्रवास अर्थपूर्ण होतो तो मुख्यतः त्यामुळे.

ॲडलेडहून हमरस्त्याने बरोसा व्हॅलीत उतरून तेथून वर चढता येते; परंतु ज्यांना भूप्रदेशाची घडण पाहायची आहे त्यांनी टॉरेन्स नदीच्या घळीतून बर्डवुड, माउंट प्लेझंट, स्प्रिंग्टन आणि ईडन व्हॅली या गावांवरून केनटनकडे जाणारा वळणावळणाचा रस्ता धरावा. घळ संपल्यावर मोकळी कुरणे लागतात, त्यांत रेड गम जातीच्या निलगिरीचे प्रचंड वृक्ष एकेकटे उभे असतात, आणि उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत, गवत पूर्ण वाळून सोनेरी होते. पाऊस येथे प्रामुख्याने हिवाळ्यात पडतो. जमिनीतून वर आलेले मोठमोठे शिलाखंड, मेंढ्यांचे कळप आणि अधूनमधून द्राक्षबागांचे हिरवे चौकोन असा हा देखावा आहे. अखंड द्राक्षबागांच्या अपेक्षेने येणाऱ्याला बागांचे विरळपण प्रथम खटकते. या भूमीचे मूळ रहिवासी पेरामांक लोक होते, आणि युरोपीय वसाहतीच्या आरंभीच्या काही दशकांतच ते येथून जवळजवळ नाहीसे झाले, हे येथील बागांच्या इतिहासाबरोबर सांगितले गेलेच पाहिजे.

स्प्रिंग्टन गावाच्या कडेला एक पोकळ झालेला रेड गम वृक्ष जपून ठेवलेला आहे. बुंध्याशी सुमारे सात मीटर व्यास असलेल्या या झाडाच्या ढोलीत १८५५ साली फ्रीडरिख हर्बिग या जर्मन स्थलांतरिताने संसार थाटला, विवाहानंतर पत्नीलाही तेथेच आणले, आणि त्यांच्या सोळा अपत्यांपैकी पहिली दोन या ढोलीतच जन्मली. आज हे झाड पर्यटकांचे छायाचित्र काढण्याचे ठिकाण झाले असले, तरी वसाहतीचा पहिला काळ किती हलाखीचा होता याचा त्याच्याइतका ठोस पुरावा या मार्गावर दुसरा नाही. हर्बिग ज्या लोकांपैकी होता ते प्रामुख्याने प्रशियाच्या राज्यातील सिलेशिया आणि आसपासच्या प्रांतांतून आलेले ल्यूथरपंथी ख्रिस्ती होते. प्रशियाचा राजा तिसरा फ्रीडरिख विल्हेल्म याने आपल्या राज्यातील दोन प्रॉटेस्टंट पंथांचे सक्तीने एकीकरण करून उपासनेची नवी पद्धत लादली, तेव्हा जुनी पद्धत सोडण्यास नकार देणाऱ्या मंडळींनी देशत्याग पत्करला. पाद्री आउगुस्ट कावेल याच्या नेतृत्वाखाली त्यांची पहिली जहाजे १८३८ साली दक्षिण ऑस्ट्रेलियाला पोहोचली. त्यासाठी पैसा पुरवला तो जॉर्ज फाइफ अँगस या इंग्रज उद्योगपतीने, ज्याच्याकडे या नव्या वसाहतीत विस्तीर्ण जमिनी होत्या आणि त्या कसण्यासाठी कष्टाळू माणसे हवी होती. श्रद्धा आणि भांडवल यांच्या या सोयीच्या युतीतून बरोसातील गावे वसली, आणि अँगस घराण्याचे नाव पुढे द्राक्षबागेच्या संदर्भातच पुन्हा येणार आहे.

योहान ख्रिस्तियान हेन्श्के १८४१ साली अशाच स्थलांतरितांबरोबर आला. काही वर्षांनी केनटनजवळ त्याने जमीन घेतली, गहू आणि जनावरे यांच्या जोडीला थोडी द्राक्षे लावली, आणि डोंगराच्या उतारात दगडी तळघर बांधले. १८६८ हे या वाइनरीच्या स्थापनेचे वर्ष मानले जाते, कारण त्या वर्षी घरच्या गरजेपलीकडची वाइन प्रथम विक्रीस गेली. त्याचा मुलगा पाउल गॉटहार्ड याला वाइनइतकीच वाद्यवृंदाची आवड होती. त्याच्या घरच्या पितळी वाद्यांच्या पथकातील युफोनियम या वाद्याचे नाव आजही कुटुंबाच्या एका वाइनला दिलेले आहे. तिसऱ्या पिढीतील पाउल आल्फ्रेड आणि चौथ्या पिढीतील सिरिल यांच्या काळापर्यंत ही वाइनरी आसपासच्या अनेक शेतकरी कुटुंबांसारखीच होती, आणि तिचे नाव जगाला कळण्यासारखे काही घडलेले नव्हते.

वाइनरीपासून सुमारे चार किलोमीटरवर ग्नाडेनबर्ग हे ल्यूथरपंथीयांचे छोटे चर्च आहे. १८६० च्या सुमारास बांधलेल्या या दगडी वास्तूचे नाव सिलेशियातील एका ठिकाणावरून घेतलेले आहे, आणि तिच्यासमोर रस्त्याच्या पलीकडे जी बाग आहे तिला त्याच नावाच्या इंग्रजी रूपावरून ‘हिल ऑफ ग्रेस’ म्हणतात. नाव ऐकून टेकडीची कल्पना मनात येते. प्रत्यक्षात बाग जवळजवळ सपाट जमिनीवर, समुद्रसपाटीपासून सुमारे चारशे मीटर उंचीवर, आजूबाजूच्या उतारांवरून वाहून आलेल्या गाळाच्या खोलगट पट्ट्यात आहे. वरचा थर वाळूमिश्रित दुमट मातीचा आणि त्याखाली चिकणमाती अशी ही जमीन असून, हिवाळ्यातील पावसाचे पाणी खालचा थर धरून ठेवतो व उन्हाळ्यात मुळांना पुरवतो. वर्षाला सरासरी ५२० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात बागेला पाणी न देता पीक घेता येते ते या खालच्या थरामुळे. संपूर्ण बाग जेमतेम आठ हेक्टरांची असून त्यातील निम्म्या भागात शिराझ ही काळ्या द्राक्षांची जात आहे, उरलेल्या भागात रीसलिंग, सेमियाँ आणि मातारो यांसारख्या इतर जाती आहेत.

शिराझचे हे क्षेत्र लहान लहान तुकड्यांत विभागलेले आहे, आणि प्रत्येक तुकड्याला चर्च, घर, पवनचक्की, टपाल कचेरी अशा शेजारच्या खुणांवरून नावे पडलेली आहेत. काही तुकड्यांची लागवड १९१० च्या सुमाराची, काहींची १९५० च्या दशकातील आहे. सर्वांत जुन्या तुकड्याला मात्र ‘ग्रँडफादर्स’, म्हणजे आजोबा, म्हणतात. निकोलाउस स्टानित्स्की या स्थलांतरिताने १८६० च्या सुमारास लावलेल्या या वेली आज दीडशे वर्षांहून अधिक वयाच्या आहेत. त्यांची खोडे वळलेली, भेगाळलेली, काही ठिकाणी आतून पोकळ झालेली आहेत, आणि दर वसंतात त्यांवरून निघणाऱ्या कोवळ्या फुटी त्या खोडांच्या मानाने अविश्वसनीय वाटाव्यात इतक्या टवटवीत असतात. कुंपणापाशी उभे राहून हे सर्व पाहता येते. परवानगीशिवाय आत जाण्यास मात्र सक्त मनाई आहे, आणि त्यामागे मालकीहक्कापेक्षा गंभीर कारण आहे.

ते कारण म्हणजे फिलॉक्सेरा नावाचा अतिसूक्ष्म, माव्यासारखा कीटक. मूळ उत्तर अमेरिकेतला हा कीटक द्राक्षवेलीच्या मुळांवर जगतो. अमेरिकेतील रानवेलींनी त्याच्याशी दीर्घकाळ जुळवून घेतलेले असल्यामुळे त्या मरत नाहीत, पण युरोपीय द्राक्षवेलीची मुळे त्याच्या दंशाने कुजतात आणि वेल काही वर्षांत वाळून जाते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नमुन्यादाखल आणलेल्या अमेरिकी वेलींबरोबर हा कीटक फ्रान्समध्ये पोहोचला आणि त्याने तेथील बहुसंख्य बागा नष्ट केल्या. त्यावर सापडलेला उपाय म्हणजे अमेरिकी वेलीच्या मुळावर, ज्याला बागाईतदार खुंट म्हणतात, युरोपीय जातीचे कलम बांधणे. तेव्हापासून युरोपातील जवळजवळ प्रत्येक बाग खुंटावर उभी आहे, आणि फिलॉक्सेरापूर्व काळातील वेली तेथे अपवादानेच उरल्या आहेत. ऑस्ट्रेलियात हा कीटक १८७७ साली व्हिक्टोरिया प्रांतातील जीलाँगजवळ आढळला. शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियाने धोका ओळखून १८९९ साली खास कायदा केला, बागाईतदारांच्या वर्गणीवर चालणारे मंडळ नेमले, आणि बाहेरून येणाऱ्या वेली, काड्या व वापरलेली अवजारे यांवर कडक निर्बंध घातले. शंभराहून अधिक वर्षे ते निर्बंध पाळले गेले म्हणून हा प्रांत आजही फिलॉक्सेरापासून मुक्त आहे. पाहुण्याच्या बुटाच्या तळव्याला चिकटलेल्या मातीतूनही कीटक येऊ शकतो, त्यामुळे येथील कुंपणांवरील सूचनांकडे दुर्लक्ष करणाऱ्या प्रवाशाचा निष्काळजीपणा अक्षम्य ठरतो.

याचा परिणाम असा की हिल ऑफ ग्रेसच्या वेली स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. ज्या काड्यांपासून त्या वाढल्या त्या काड्या युरोपातून फिलॉक्सेरा तेथे पोहोचण्यापूर्वीच ऑस्ट्रेलियात आलेल्या होत्या. जेम्स बझ्बी याने १८३० च्या दशकाच्या आरंभी फ्रान्स आणि स्पेनमधून जमवून आणलेला संग्रह ही त्या स्थलांतराची सर्वांत प्रसिद्ध घटना आहे. युरोपात जो वारसा नष्ट झाला त्याचा एक भाग पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जिवंत आहे, ही गोष्ट वाइनविषयी आस्था नसलेल्या माणसालाही विचार करायला लावणारी आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला या वयाची कल्पना येण्यासाठी नाशिकच्या बागांची आठवण उपयोगी पडेल, कारण शिराझ तेथेही लावली जाते. नाशिकच्या हवामानात द्राक्षवेल खऱ्या अर्थाने झोपत नाही. त्यामुळे एप्रिलमधील खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपासची फळछाटणी अशा दोन छाटण्या करून तिला वर्षभर माणसाच्या वेळापत्रकानुसार चालवावे लागते. पाण्याची टंचाई आणि जमिनीतील क्षार यांमुळे तेथे डॉगरिजसारख्या खुंटांवर कलमे बांधण्याची प्रथा पडली आहे, आणि साधारण पंधरा-वीस वर्षांत बाग थकली असे समजून ती काढून टाकली जाते. केनटनला थंडी पुरेशी कडक असते, पाने गळतात, वेल जून ते ऑगस्टमध्ये पूर्ण विश्रांती घेते, आणि छाटणी वर्षातून एकदाच या विश्रांतीच्या काळात होते. वेलीच्या दीर्घायुष्याचे एक मूलभूत कारण ही वार्षिक झोप आहे. त्यामुळे नाशिकच्या बागाईतदाराच्या कौशल्याची हेन्श्के कुटुंबाच्या कौशल्याशी तुलना करणे अन्यायाचे होईल. दोघांना निसर्गाने दिलेला प्रश्नच वेगळा आहे.

जुन्या वेलीची वाइन खरोखरच श्रेष्ठ असते काय, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. वय वाढते तशी वेलीची मुळे खोल व दूरवर जातात, जाड खोडात आणि मुळांत पिष्टमय अन्नाचा साठा राहतो, आणि त्यामुळे अवर्षणाच्या किंवा अतिवृष्टीच्या वर्षी तिचे पीक नव्या वेलीइतके हेलकावे खात नाही. घड कमी लागतात, मणी बारीक राहतात, आणि बारीक मण्यात रसाच्या मानाने सालीचे प्रमाण अधिक असल्यामुळे रंग, चव व तुरटपणा देणारे घटक वाढतात. ही कारणे पटण्याजोगी आहेत. तरीही केवळ वयामुळे वाइन उत्तम होते असे विधान शास्त्राने निर्विवादपणे सिद्ध केलेले नाही, आणि त्यात एक तार्किक अडचणही आहे. सामान्य प्रतीचे फळ देणाऱ्या वेली कोणीही शंभर वर्षे सांभाळत नाही. ज्या शतायुषी झाल्या त्या मुळात चांगल्या जागी, चांगल्या निवडीच्या आणि मालकाच्या जिव्हाळ्याच्या होत्या, म्हणून टिकल्या. गुण आधी होता की वय आधी आले, हे वेगळे काढणे अवघड आहे. आणि म्हणूनच प्रत्येक पिढीत ती वेल न उपटण्याचा निर्णय कोणी, कशासाठी घेतला, याला या बागेच्या इतिहासात मातीइतकेच महत्त्व द्यावे लागते.

त्या निर्णयांत सिरिल हेन्श्के याचा निर्णय निर्णायक ठरला. १९५० च्या सुमारास ऑस्ट्रेलियात बहुतेक खप पोर्ट आणि शेरी या नावांनी विकल्या जाणाऱ्या गोडसर, वरून मद्यार्क घालून तीव्र केलेल्या वाइनचा होता. जेवणाबरोबर घ्यायच्या, साखर न उरलेल्या तांबड्या वाइनला गिऱ्हाईक कमी होते, आणि लहान उत्पादक आपला माल पिंपांनी मोठ्या व्यापाऱ्यांना विकून मोकळे होत. त्याच सुमारास मॅक्स शुबर्ट हा पेनफोल्ड्स कंपनीत ‘ग्रेंज’ ही वाइन घडवत होता. तिचा पहिला प्रयोग १९५१ सालचा. ग्रेंजचे तत्त्व निरनिराळ्या बागांतील उत्तम शिराझ निवडून त्यांचे मिश्रण करण्याचे होते आणि आजही आहे, म्हणजे एका ठिकाणची उणीव दुसऱ्या ठिकाणच्या गुणाने भरून काढता येते. सिरिलने याच्या नेमका उलट मार्ग धरला. एका बागेतील द्राक्षे इतर कशातही न मिसळता त्यांची वाइन वेगळी भरायची, बाटलीवर त्या बागेचे नाव छापायचे, आणि त्या वर्षी त्या जागी जे घडले असेल त्याची बरीवाईट नोंद तशीच राहू द्यायची. एकाच बागेची वाइन ही संकल्पना फ्रान्समधील बर्गंडीत शतकानुशतके रुजलेली होती. ऑस्ट्रेलियातील एका कोपऱ्यातील शेतकऱ्याने ती गिऱ्हाईक नसताना स्वीकारावी, यात मोठे धैर्य होते.

हा प्रयोग प्रथम ‘माउंट एडलस्टोन’ या बागेवर झाला. केनटनच्याच परिसरातील ही बाग जॉर्ज फाइफ अँगसच्या वंशातील रोनाल्ड अँगस याने १९१२ साली संपूर्णपणे शिराझने लावली होती, आणि एकाच जातीची एवढी मोठी बाग लावणे त्या काळी असामान्य होते. सिरिलने तिच्या द्राक्षांची स्वतंत्र वाइन १९५२ साली केली. बाग स्वतः त्याने १९७४ साली विकत घेतली. हिल ऑफ ग्रेसची पहिली स्वतंत्र वाइन १९५८ सालची. दोन्ही बागा एकमेकींपासून मोटारीने काही मिनिटांच्या अंतरावर आहेत, जात एकच, घडवणारे हात तेच. तरीही एडलस्टोनच्या वाइनमध्ये काळी मिरी, तमालपत्र आणि पुदिन्याकडे झुकणारा गंध अधिक, तर हिल ऑफ ग्रेसमध्ये पिकलेल्या काळ्या बेरींबरोबर चक्रफूल, लवंग आणि सुक्या वनौषधींचा दरवळ अधिक, असा फरक जाणकार नोंदवतात. एकाच बागेच्या वाइनचे समर्थन करायचे असेल तर या दोन बाटल्या शेजारी ठेवणे पुरेसे आहे.

या मिरीच्या गंधाचे कोडे ऑस्ट्रेलियातच उलगडले. ॲडलेड येथील ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिले की शिराझमधील मिरीचा वास रोटुंडोन नावाच्या संयुगामुळे येतो, आणि हेच संयुग खऱ्या काळ्या मिरीतही असते. ते मण्याच्या सालीत तयार होते आणि थंड जागी, सावकाश पिकलेल्या द्राक्षांत अधिक आढळते. त्यामुळे उंचावरील ईडन व्हॅलीच्या शिराझला ते साजेसेच आहे.

१९७९ साली सिरिलचे निधन झाले आणि त्याचा मुलगा स्टीफन व सून प्रू यांनी कारभार हाती घेतला. दोघांनीही जर्मनीतील गाइझनहाइम या द्राक्षशास्त्राच्या विख्यात केंद्रात शिक्षण घेतलेले होते, आणि वाइनरी स्टीफनकडे व बागा प्रूकडे अशी कामाची वाटणी त्यांनी केली. त्यांचा आरंभीचा काळ जुन्या वेलींसाठी फार वाईट होता. १९८० च्या दशकाच्या मध्यास तांबड्या द्राक्षांचे उत्पादन मागणीपेक्षा वाढले, भाव कोसळले, आणि बागा उपटणाऱ्यांना सरकारने अनुदान देऊ केले. या योजनेत बरोसातील कित्येक जुन्या शिराझ आणि ग्रेनाश बागा नाहीशा झाल्या. अडचणीत सापडलेल्या शेतकऱ्यांना दोष देता येणार नाही. पण शंभर वर्षांची वेल उपटायला एक सकाळ पुरते आणि ती परत मिळवायला शंभर वर्षे लागतात, हा हिशेब त्या योजनेत कोठेही नव्हता. पुढे प्रदेशाला याची उपरती झाली आणि २००९ साली ‘बरोसा ओल्ड व्हाइन चार्टर’ हा दस्तऐवज तयार झाला. त्यानुसार पस्तीस वर्षांवरील वेल जुनी, सत्तरवरील तग धरलेली, शंभरवरील शतायुषी आणि सव्वाशेवरील पूर्वज अशा पायऱ्या ठरल्या. या वर्गीकरणाला कायद्याचे बळ नसले, तरी वेलीच्या वयाची नोंद होऊ लागली आणि नोंद झालेली वस्तू सहजासहजी उपटली जात नाही.

हिल ऑफ ग्रेसची द्राक्षे मार्च-एप्रिलमध्ये हाताने तोडली जातात आणि दगडी वाइनरीत उघड्या टाक्यांमध्ये आंबवली जातात. आंबताना निघणाऱ्या वायूमुळे साली वर येऊन त्यांचा जाड थर तरंगू लागतो. तो रसात बुडालेला राहिला तरच रंग आणि टॅनिन नीट उतरतात. टॅनिन म्हणजे कच्च्या सुपारीत किंवा कडक चहात जाणवणारा तुरट घटक, आणि तो द्राक्षाच्या सालीतून व बियांतून येतो. आंबवण झाल्यावर वाइन सुमारे तीनशे लिटरच्या ओकच्या पिंपांत दीड वर्षाच्या आसपास राहते, त्यात लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांतून तिला मोजका प्राणवायू मिळतो, आणि मग ती बाटलीत भरली जाते. बाटलीत पुढील वीस-तीस वर्षे जे घडते त्याला मुरणे म्हणतात: टॅनिनचे आणि रंगद्रव्यांचे रेणू एकमेकांशी जोडले जाऊन लांब साखळ्या बनतात, तुरटपणा मऊ होतो, जांभळा रंग विटकरी होत जातो, जड साखळ्या गाळ होऊन तळाशी बसतात, आणि ताज्या फळाच्या वासाची जागा चामडे, सुके अंजीर, ओली माती अशा गुंतागुंतीच्या गंधांनी घेतली जाते. हे सर्व होत असताना वाइन बिघडू न देण्याचे काम प्रामुख्याने आम्ल करते. सगळ्या वाइन अशा मुरत नाहीत. बहुतेक तर एक-दोन वर्षांतच पिण्यासाठी केलेल्या असतात, आणि त्यात काही कमीपणा नाही.

दीर्घ मुरणीत बुचाचा धोका असतो. नैसर्गिक बुचात काही वेळा असे एक संयुग असते की ते वाइनला बुरसट, दमट पुठ्ठ्यासारखा वास आणते, आणि तीस वर्षे जपलेली बाटली उघडल्यावर तो वास आला तर नुकसान भरून निघण्यासारखे नसते. म्हणून एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून हेन्श्के कुटुंबाने बूच सोडून प्रथम फिरकीचे झाकण आणि पुढे काचेचे झाकण स्वीकारले. उंची वाइनला बूचच शोभते अशी समजूत असणाऱ्या बाजारात हा निर्णय सोपा नव्हता.

त्याहून अवघड निर्णय पीक हाताशी असताना वाइन न करण्याचा असतो. १९६०, १९७४, २००० आणि २०११ या वर्षांची हिल ऑफ ग्रेस अस्तित्वातच नाही, कारण त्या हंगामांतील फळ या नावाला साजेसे नाही असे ठरवले गेले. आज या वाइनच्या नव्या बाटलीची किंमत आठशे ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक असते, त्यामुळे गाळलेल्या एका वर्षाचा आर्थिक अर्थ सहज कळतो. भागधारकांना तिमाही हिशेब देणाऱ्या कंपनीला हे अशक्य नसले तरी अवघड आहे. कुटुंबाला ते तुलनेने शक्य होते, कारण मुलांच्या आणि नातवंडांच्या हाती जाणारे नाव त्यांच्या दृष्टीने एका हंगामाच्या विक्रीपेक्षा मोठे असते. ही किंमत सामान्य रसिकाच्या आवाक्याबाहेर गेली आहे ही खेदाची गोष्ट आहे. बाटल्या तिजोरीत ठेवून पुन्हा विकणाऱ्यांपेक्षा त्या उघडून पिणाऱ्यांच्या हाती त्या जाव्यात असे वाटणे स्वाभाविक आहे; परंतु त्या किमतीनेच आठ हेक्टरांची ही बाग इतर कशातही रूपांतरित होण्यापासून वाचवली आहे, हेही मान्य करावे लागते.

प्रू हेन्श्के यांचे काम या सर्वांपेक्षा दूरच्या काळाकडे पाहणारे आहे. दीडशे वर्षांच्या वेली कधीतरी मरणारच, आणि त्यांच्या जागी रोपवाटिकेतील एकाच प्रकारचे कलम आणून लावले तर नाव तेच राहूनही बाग बदलेल, हे ओळखून १९८६ पासून त्यांनी आजोबांच्या तुकड्यातील वेलींची एकेक करून पाहणी सुरू केली. कोणत्या वेलीचे घड आटोपशीर आहेत, कोणती रोगाला बळी पडत नाही, कोणाचे मणी एकसारखे पिकतात, याच्या नोंदी हंगामामागून हंगाम ठेवून उत्तम वेलींच्या काड्या निवडल्या गेल्या आणि त्यांची रोपे वेगळी वाढवली गेली. अनेक वेलींतून निवड केल्यामुळे मूळ बागेतील विविधता नव्या लागवडीतही उतरते. जोडीला ओळींमधून स्थानिक गवते रुजवणे, बुंध्याशी पेंढ्याचे आच्छादन घालणे, वाइनरीतील चोथ्याचे खत जमिनीला परत देणे अशी कामे सुरू झाली, आणि रासायनिक फवारण्या कमी होत गेल्या.

निवडलेल्या काड्यांपासून १९८० च्या दशकाच्या अखेरीस याच बागेत नवी लागवड झाली. तिची द्राक्षे हिल ऑफ ग्रेसमध्ये मिसळली जात नाहीत. त्यांची ‘हिल ऑफ रोझेस’ ही वेगळी वाइन २००१ च्या हंगामापासून केली जाते. त्या वेली चार्टरच्या हिशेबाने नुकत्याच जुन्या ठरल्या आहेत आणि शतायुषी व्हायला त्यांना आणखी साठेक वर्षे हवीत. वाइनरीच्या कामात आता स्टीफन आणि प्रू यांची मुले, म्हणजे सहावी पिढी, आहे. त्या वेली शंभर वर्षांच्या होतील तेव्हा कारभार बहुधा आठव्या पिढीकडे असेल, आणि ही लागवड मुख्यतः त्यांच्यासाठी केलेली आहे.